लेखनकर्तृत्व
लिखित कृती आणि ती ज्याच्या नावे ओळखली जाते ती व्यक्ती यांमधील संबंधास लेखनकर्तृत्व म्हणतात. व्यवहारात हा संबंध साधा वाटतो. परंतु त्याचे पृथक्करण केल्यास त्यात किमान चार भिन्न घटक आढळतात : (१) प्रत्यक्ष शब्दरचना, (२) तिच्यामागील कल्पना किंवा संशोधन, (३) कृतीबद्दल मिळणारे श्रेय व हक्क आणि (४) मजकुराच्या खरेखोटेपणाचे उत्तरदायित्व. एकट्याने लिहिलेल्या कादंबरीत हे चारही घटक बहुधा एकाच व्यक्तीच्या ठायी एकवटलेले असतात. मौखिक परंपरेतील काव्य, पोलिसांनी नोंदविलेला जबाब किंवा शेकडो शास्त्रज्ञांचा शोधनिबंध यांत ते विभागले जातात. निरनिराळ्या ज्ञानशाखा यांपैकी निरनिराळ्या घटकांचा अभ्यास व मापन करतात. त्यामुळे एका शाखेतील माप दुसऱ्या शाखेत जसेच्या तसे वापरल्यास निष्कर्ष चुकण्याचा संभव असतो.

पाठचिकित्सा : कर्तृत्वनिर्णयाची सर्वांत जुनी पद्धती भाषिक व ऐतिहासिक पुराव्यांवर आधारलेली आहे. रोमन सम्राट कॉन्स्टंटाइन याने पश्चिमेकडील सत्ता पोपकडे सोपविली, असे सांगणारे एक दानपत्र मध्ययुगात प्रमाण मानले जात असे. इटालियन मानवतावादी पंडित लोरेन्झो व्हाल्ला (१४०७–५७) यांनी १४४० मध्ये त्यातील लॅटिन चौथ्या शतकातील असू शकत नाही, हे शब्दप्रयोगांच्या आधारे दाखवून दिले व दानपत्र बनावट ठरविले. जर्मन भाषाशास्त्रज्ञ फ्रीड्रिख आउगुस्ट व्होल्फ (१७५९–१८२४) यांनी १७९५ मध्ये होमरच्या महाकाव्यांच्या एककर्तृत्वाविषयी शंका उपस्थित केली. पुढे अमेरिकन अभ्यासक मिल्मन पॅरी (१९०२–३५) यांनी या काव्यांतील ठराविक पदसमूहांचा अभ्यास करून ती मौखिक रचनापरंपरेतून घडली, असे प्रतिपादन केले. अशा परंपरेत प्रत्येक गायक एकाच वेळी वारसदार आणि रचनाकार असतो. परिणामी ‘मूळ कर्ता कोण’ या प्रश्नाचे स्वरूपच पालटते.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. १९१९ मध्ये आरंभलेले हे कार्य १९६६ मध्ये पूर्ण झाले. तिचे प्रमुख संपादक वि. सी. सुकथनकर (१८८७–१९४३) यांनी, उपलब्ध हस्तलिखितांच्या तुलनेतून गाठता येईल तेवढी प्राचीन संहिता निश्चित करणे, एवढेच उद्दिष्ट ठेवले. व्यासांच्या मुखातील मूळ शब्द परत मिळविल्याचा दावा त्यांनी केला नाही. कर्ता व संहिता यांमधील हा भेद लक्षात ठेवणे पाठचिकित्सेत आवश्यक मानले जाते.

मराठी संतवाङ्मयात हे प्रश्न विशेष तीव्रतेने उपस्थित होतात. एकनाथांनी शके १५०६ (इ. स. १५८४) मध्ये ज्ञानेश्वरीची संहिता शुद्ध केली, म्हणजे तीन शतकांच्या आतच पाठभेदांनी अभ्यासकाला ग्रासले होते. ज्ञानेश्वरीकार व अभंगकर्ते ज्ञानदेव हे एकच की भिन्न, हा वाद एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘भारद्वाज’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या शिवराम एकनाथ भारदे यांनी उपस्थित केला. अभंगांच्या अखेरीस येणारी नाममुद्रा ही कर्तृत्वाची सही समजली जाते. तथापि ती नेहमीच व्यक्तीची निदर्शक असते, असे नाही. नामदेवांच्या नावे प्रचलित असलेल्या अभंगांत विष्णुदास नामा यांच्यासारख्या उत्तरकालीन कवींची रचना मिसळलेली आहे. भक्तिपरंपरेत श्रेष्ठ संताच्या मुद्रेने रचना करणे हे आदर व परंपरेशी असलेले नाते व्यक्त करण्याचे एक साधन होते. आधुनिक अर्थाने त्यास बनावट लेखन म्हणणे अनुचित ठरते. येथे नाममुद्रा शब्दरचनेपेक्षा अधिकाराची ग्वाही देते.

शैलीमापन : शैलीची संख्यात्मक लक्षणे मोजून कर्ता ओळखण्याच्या शास्त्रास शैलीमापन म्हणतात. लेखक विषय, मते आणि अलंकार जाणीवपूर्वक बदलू शकतो. परंतु अगदी सामान्य शब्द तो ज्या प्रमाणात वापरतो, ते त्याच्या नकळत ठरत असते, असे या शास्त्राचे गृहीतक आहे. ब्रिटिश गणितज्ञ ऑगस्टस डी मॉर्गन (१८०६–७१) यांनी १८५१ मधील एका पत्रात शब्दांच्या सरासरी लांबीवरून बायबलमधील पॉलच्या पत्रांचे कर्तृत्व तपासता येईल, असे सुचविले. अमेरिकन भौतिकीविज्ञ टॉमस कॉर्विन मेंडनहॉल (१८४१–१९२४) यांनी १८८७ मध्ये ही कल्पना प्रत्यक्षात आणून लेखकांचे शब्दलांबीचे आलेख काढले. १९०१ मध्ये त्यांनी शेक्सपिअर व बेकन यांचे आलेख भिन्न असल्याचे दाखविले. मात्र तुलना शेक्सपिअरच्या मुख्यतः पद्यमय नाटकांची व बेकनच्या गद्याची होती. एकाच लेखकाच्या गद्यात व पद्यात तेवढाच फरक पडू शकतो, हे पुढे दिसून आले. ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ जी. उडनी यूल (१८७१–१९५१) यांनी प्रथम वाक्यांच्या लांबीचा आणि नंतर १९४४ मधील ग्रंथात शब्दसंग्रहाच्या विविधतेचा सांख्यिकीय अभ्यास केला.

या शाखेतील आदर्श मानले जाणारे संशोधन अमेरिकेतील फेडरॅलिस्ट निबंधांविषयीचे आहे. अमेरिकेच्या संविधानाचा पुरस्कार करणारे हे ८५ निबंध १७८७–८८ मध्ये ‘पब्लियस’ या टोपणनावाने प्रसिद्ध झाले. अलेक्झांडर हॅमिल्टन, जेम्स मॅडिसन व जॉन जे हे त्यांचे लेखक होत. त्यांपैकी ५१ निबंध हॅमिल्टन यांचे, १४ मॅडिसन यांचे, ५ जे यांचे व ३ संयुक्त समजले जात. उरलेल्या १२ निबंधांवर हॅमिल्टन व मॅडिसन या दोघांच्याही बाजूने दावा केला जाई. दोघांच्याही वाक्यांची सरासरी लांबी सु. ३५ शब्द असल्याने ते माप निरुपयोगी ठरले. फ्रेडरिक मॉस्टेलर (१९१६–२००६) व डेव्हिड वॉलेस (१९२८–२०१७) या संख्याशास्त्रज्ञांनी शब्दयोगी व उभयान्वयी अव्ययांसारख्या क्षुल्लक वाटणाऱ्या शब्दांकडे लक्ष वळविले. ‘अपॉन’ हा शब्द हॅमिल्टन हजार शब्दांमागे सु. तीन वेळा वापरतात, तर मॅडिसन यांच्या लेखनात तो पाच हजार शब्दांत जेमतेम एकदा येतो. ‘व्हाइल’ हे रूप हॅमिल्टन यांच्या, तर ‘व्हिल्स्ट’ हे रूप मॅडिसन यांच्या पसंतीचे आहे. अशा अनेक शब्दांचा पुरावा बेझच्या संभाव्यता सिद्धांतानुसार एकत्रित करून त्यांनी १९६४ मध्ये बाराही निबंध मॅडिसन यांचे असण्याची संभाव्यता फार मोठी असल्याचे दाखविले. इतिहासकार डग्लस ॲडेअर १९४४ मध्ये कागदपत्रांच्या आधारे याच निष्कर्षाकडे आले होते. दोन स्वतंत्र मार्ग एका ठिकाणी मिळाल्यामुळे या निर्णयास बळकटी आली.

संगणकांच्या प्रसाराने शैलीमापनाचा विस्तार झाला. ऑस्ट्रेलियातील अभ्यासक जॉन बरोज यांनी २००२ मध्ये मांडलेल्या ‘डेल्टा’ पद्धतीत सर्वाधिक येणाऱ्या शब्दांच्या वारंवारतेतील प्रमाणित अंतर मोजले जाते. २०१३ मध्ये ‘रॉबर्ट गॅलब्रेथ’ या नावाने प्रसिद्ध झालेल्या एका गुप्तहेर कादंबरीच्या लेखिका जे. के. रोलिंग असाव्यात, असा सुगावा एका ब्रिटिश वृत्तपत्राला लागला. संगणकीय चाचण्यांचे निष्कर्षही त्याच दिशेचे निघाले व त्यानंतर लेखिकेने स्वतः त्यास दुजोरा दिला.

मर्यादा : शैलीमापन ‘हा लेखक कोण’ या प्रश्नाला सहसा थेट उत्तर देत नाही. दिलेल्या उमेदवारांपैकी कोणाच्या ज्ञात लेखनाशी हा मजकूर अधिक जुळतो, एवढेच ते सांगते. खरा लेखक उमेदवारांच्या यादीतच नसेल, तर सर्वांत जवळचा उमेदवार हाच चुकून कर्ता ठरतो. पुरेसा दीर्घ मजकूर, एकाच प्रकारचे व शक्यतो एकाच काळातील लेखन आणि संपादकाच्या हस्तक्षेपापासून मुक्त संहिता या तिच्या पूर्वअटी होत.

कौटिलीय अर्थशास्त्राचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. आर. शामशास्त्री यांनी १९०९ मध्ये प्रकाशित केलेल्या या ग्रंथाची चिकित्सक आवृत्ती र. पं. कंगले यांनी मुंबई विद्यापीठातर्फे १९६०–६५ या काळात सिद्ध केली. कंगले यांचा कल परंपरागत कर्तृत्व मान्य करण्याकडे होता. अमेरिकन इतिहासकार टॉमस ट्राउटमन यांनी १९७१ मध्ये ‘च’, ‘वा’ यांसारख्या अव्ययांची वारंवारता निरनिराळ्या अधिकरणांत मोजून ग्रंथात एकाहून अधिक लेखकांचे लेखन असल्याचा निष्कर्ष काढला. तथापि जुन्या शास्त्रग्रंथांचे संकलन करणारा संपादक हाही एका अर्थाने ग्रंथकर्ता असतो. त्यामुळे शब्दरचना अनेकांची असणे आणि ग्रंथयोजना एकाची असणे या दोन गोष्टी परस्परविरोधी ठरत नाहीत.

मराठी लेखनास ही पद्धती लावताना काही विशेष अडचणी येतात. इंग्रजीत स्वतंत्र असणाऱ्या शब्दांचे कार्य मराठीत पुष्कळदा विभक्तिप्रत्यय व शब्दयोगी अव्यये करतात आणि ती मूळ शब्दाला जोडून लिहिली जातात. ‘च’ व ‘ही’ यांसारखी शैलीदर्शक अव्ययेही शब्दाला चिकटलेली असतात. म्हणून गणनेपूर्वी शब्दांचे पृथक्करण करणे अपरिहार्य ठरते. दुसरे असे, की १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनंतर जुन्या ग्रंथांच्या नव्या आवृत्त्यांत अनुस्वार व ऱ्हस्वदीर्घ बदलण्यात आले. अशा आवृत्तीतील अनुस्वार मोजल्यास लेखकाची लकब हाती न येता मुद्रणालयाची पद्धत हाती येते. राम गणेश गडकरी यांनी काव्यासाठी ‘गोविंदाग्रज’ व विनोदी लेखनासाठी ‘बाळकराम’ ही नावे वापरली. टोपणनावाबरोबर लेखनप्रकारही बदलत असेल, तर शैलीतील फरक व्यक्तिभेदामुळे पडला की प्रकारभेदामुळे, हे आकड्यांवरून सांगणे कठीण होते.

न्यायसाहाय्यक भाषाविज्ञान : न्यायालयात कर्तृत्वाचा निर्णय मनुष्याच्या जीविताशी निगडित असू शकतो. इंग्लंडमध्ये टिमथी एव्हान्स यास १९५० मध्ये फाशी देण्यात आली व १९६६ मध्ये त्यास मरणोत्तर माफी मिळाली. त्याच्या नावे नोंदविलेल्या जबाबांचे विश्लेषण स्वीडिश भाषाशास्त्रज्ञ यान स्वार्टव्हिक यांनी १९६८ मध्ये प्रसिद्ध केले. त्यांतील वादग्रस्त भागांची व्याकरणशैली उरलेल्या भागांहून भिन्न असल्याचे त्यांनी दाखविले. या अभ्यासापासून न्यायसाहाय्यक भाषाविज्ञानाचा आरंभ मानला जातो.

डेरेक बेंटली या १९ वर्षांच्या युवकाला पोलिसाच्या खुनाबद्दल जानेवारी १९५३ मध्ये फाशी झाली. गोळी त्याच्या साथीदाराने झाडली होती. बेंटलीचा जबाब ही त्याने स्वतः, कोणी प्रश्न न विचारता, सलग सांगितलेली हकीकत आहे, अशी पोलिसांची साक्ष होती. ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ मॅल्कम कूल्टहार्ड यांनी दाखविले, की ५८२ शब्दांच्या या जबाबात ‘नंतर’ या अर्थाचा ‘देन’ हा शब्द दहा वेळा येतो. सामान्य साक्षीदारांच्या जबाबांत तो क्वचित आढळतो, मात्र पोलिसांच्या निवेदनांत वारंवार येतो. शिवाय ‘मी नंतर’ असा पोलिसी शब्दक्रम जबाबात होता. बोलीत ‘नंतर मी’ हा क्रम रूढ आहे. अपील न्यायालयाने १९९८ मध्ये बेंटलीचा दोषनिर्णय रद्द केला. त्याचा मुख्य आधार मूळ न्यायाधीशांनी ज्यूरीपुढे केलेल्या समालोचनातील दोष हा होता; तथापि सही एकाची व शब्द दुसऱ्याचे असण्याचे हे बोलके उदाहरण समजले जाते.

कायदा व साहित्यविचार : इंग्लंडमध्ये १७१० च्या कायद्याने ग्रंथप्रकाशनाचा हक्क प्रथम लेखकाकडे असल्याचे मान्य केले. भारताच्या १९५७ च्या स्वामित्वहक्क अधिनियमानुसार साहित्यकृतीच्या बाबतीत तिचा लेखक हा कर्ता होय. १९९२ च्या दुरुस्तीपासून हा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. हक्क विकल्यानंतरही कृतीचे कर्तृत्व स्वतःकडे सांगण्याचा विशेष अधिकार लेखकाला राहतो. कायदा अभिव्यक्तीला संरक्षण देतो. केवळ कल्पनेला देत नाही. विज्ञानात याच्या उलट कल्पनेचे व शोधाचे श्रेय महत्त्वाचे असते. साहित्यविचारात फ्रेंच समीक्षक रोलां बार्त (१९१५–८०) यांनी १९६७ मध्ये अर्थनिर्णयाचा अधिकार लेखकाकडून वाचकाकडे नेला. मीशेल फूको (१९२६–८४) यांनी १९६९ मध्ये ‘लेखक’ ही संहितांचे वर्गीकरण व नियंत्रण करणारी एक सामाजिक व्यवस्था आहे, असे प्रतिपादन केले. लेखकाचे नाव कायदा, धर्म, ग्रंथालय व बाजारपेठ यांत वेगवेगळी कार्ये करते, या जाणिवेला त्यामुळे चालना मिळाली.

विज्ञानमिती : विज्ञानात कर्तृत्वाचे मापन मुख्यतः प्रकाशित निबंधांच्या गणनेने होते. आल्फ्रेड लोट्का (१८८०–१९४९) यांनी १९२६ मध्ये पुढील नियम मांडला : ‘क’ निबंध लिहिणाऱ्या लेखकांची संख्या एकच निबंध लिहिणाऱ्यांच्या संख्येच्या सु. १/क² इतकी असते. म्हणजे एकच निबंध लिहिणारे १०० असल्यास दोन निबंध लिहिणारे सु. २५ व तीन लिहिणारे सु. ११ असतात. डेरेक द सोला प्राइस (१९२२–८३) यांनी १९६३ मध्ये रसायनशास्त्रातील एकलेखकी निबंधांचे प्रमाण विसाव्या शतकाच्या आरंभापासून सतत घटत असल्याचे दाखविले व हा क्रम चालू राहिल्यास ते १९८० पर्यंत नाहीसे होतील, असे अनुमान केले. ते पूर्णतः नाहीसे झाले नाहीत. परंतु सहलेखनाची दिशा त्यांनी अचूक ओळखली होती. हिग्ज बोसॉनच्या वस्तुमानाविषयी १९२५ नंतर नव्वद वर्षांनी, म्हणजे २०१५ मध्ये, प्रसिद्ध झालेल्या एका निबंधाचे ५,१५४ लेखक होते. ३३ पृष्ठांपैकी २४ पृष्ठे त्यांची व त्यांच्या संस्थांची नावे देण्यात खर्ची पडली.

अनेक लेखकांत श्रेय वाटण्याच्या पद्धती भिन्न आहेत. तीन लेखकांच्या निबंधाचे पूर्णगणनेने प्रत्येकास १, समविभाजनाने प्रत्येकास १/३ आणि प्रथमलेखक पद्धतीने पहिल्यास १ व इतरांस शून्य श्रेय मिळते. हरात्मक पद्धतीत हेच वाटे अनुक्रमे ६/११, ३/११ व २/११ होतात. पूर्णगणनेत एका निबंधाचे तीन निबंध होतात, तर समविभाजनात सहकार्य करणाऱ्याचा वाटा घटतो. म्हणून कोणती पद्धती वापरली, हे सांगितल्याशिवाय शास्त्रज्ञांच्या किंवा संस्थांच्या क्रमवारीला अर्थ राहत नाही.

नावांच्या क्रमाचा अर्थही शाखेनुसार पालटतो. जीवविज्ञानांत सर्वाधिक प्रत्यक्ष काम करणारा प्रथम व प्रयोगशाळेचा प्रमुख अखेरीस असतो. गणितात, अर्थशास्त्रात व उच्च ऊर्जा भौतिकीत वर्णानुक्रम प्रचलित आहे. लिरान आयनाव्ह व लीट यारिव्ह यांनी २००६ मध्ये असे दाखविले, की अमेरिकेतील अग्रगण्य अर्थशास्त्र विभागांत आडनावाचे आद्याक्षर वर्णमालेत अगोदर येणाऱ्यांना कायम पद मिळण्याची शक्यता अधिक असते. जेथे वर्णानुक्रम पाळला जात नाही, त्या मानसशास्त्रात असा परिणाम आढळला नाही.

श्रेय व कार्य यांतील अंतराची उदाहरणे विज्ञानाच्या इतिहासात पुष्कळ आहेत. सत्येंद्रनाथ बोस यांच्या १९२४ मधील निबंधाचा जर्मन अनुवाद आइन्स्टाइन यांनी स्वतः केला. छापलेले शब्द त्यांचे असूनही कर्ते म्हणून बोस यांचेच नाव राहिले. पल्सारचे संकेत प्रथम जोसेलिन बेल या विद्यार्थिनीच्या लक्षात आले. १९६८ मधील निबंधात त्यांचे नाव दुसरे होते, पण १९७४ चे नोबेल पारितोषिक अँटनी ह्यूइश व मार्टिन राइल यांना मिळाले. याउलट जॉर्ज गॅमो यांनी १९४८ मध्ये ग्रीक अक्षरांशी नावांचे साम्य साधण्यासाठी हान्स बेटे यांचे नाव एका निबंधात घातले. १९७५ मध्ये जॅक हेदरिंग्टन यांनी निबंधातील ‘आम्ही’ हे सर्वनाम बदलणे टाळण्यासाठी आपल्या मांजराला सहलेखक केले. या दोन प्रसंगांचे स्वरूप विनोदी आहे. परंतु कार्य न केलेल्या वरिष्ठाचे नाव घालणे किंवा कार्य केलेल्याचे नाव गाळणे यांमुळे संशोधकांच्या नेमणुका, बढत्या व अनुदाने यांवर अन्याय्य परिणाम होतो. वैद्यकात औषध उत्पादकाने लिहवून घेतलेला निबंध नामांकित वैद्याच्या नावे छापला गेल्यास रुग्णांचेही अहित संभवते.

व्यक्तीची ओळख : गणनेसाठी प्रथम व्यक्ती निश्चित व्हावी लागते. आद्याक्षरे व आडनाव एवढेच नोंदविल्यास ‘एस. कुलकर्णी’ किंवा ‘ए. पाटील’ या एका नावाखाली अनेक व्यक्तींचे लेखन एकत्र होते. उलटपक्षी विवाहानंतर आडनाव बदलणाऱ्या स्त्रीचे लेखन दोन नावांत विभागले जाते. ग्रंथालयांत यासाठी प्रमाणित नामसूची ठेवतात, तीमुळे वि. वा. शिरवाडकर व कुसुमाग्रज या नावांतील संबंध वाचकाला कळतो. संशोधकांना १६ अंकी ओळखक्रमांक देणारी ‘ऑर्किड’ ही आंतरराष्ट्रीय व्यवस्था २०१२ पासून कार्यान्वित आहे.

निकष व उत्तरदायित्व : वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने लेखकत्वाचे निकष प्रथम १९८५ मध्ये मांडले. २०१३ पासून त्यांत चार अटी आहेत : संशोधनात भरीव सहभाग, मसुदालेखन किंवा चिकित्सक पुनर्लेखन, अंतिम प्रतीस संमती आणि संपूर्ण कार्याबद्दल उत्तरदायित्व. चारही अटी पूर्ण न करणाऱ्याचा उल्लेख ऋणनिर्देशात करावा, असा दंडक आहे. ड्रमंड रेनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये ‘लेखक’ या शब्दाऐवजी प्रत्येकाचा सहभाग स्पष्टपणे नोंदवावा, असे सुचविले. या विचारातून पुढे विकसित झालेल्या ‘क्रेडिट’ वर्गीकरणात संकल्पना, पद्धती, आज्ञावली, पडताळणी, देखरेख, निधिसंपादन इ. १४ भूमिका आहेत. त्यांपैकी लेखनाशी थेट संबंधित अशा दोनच आहेत. विज्ञानात ‘लेखक’ या संज्ञेचा आशय लेखनापासून किती दूर गेला आहे, हे यावरून दिसून येते.

मजकूर निर्माण करणाऱ्या संगणकीय प्रणाली २०२२ च्या अखेरीपासून सर्वत्र उपलब्ध झाल्या, तेव्हा त्यांची नावे काही निबंधांत सहलेखक म्हणून आली. प्रमुख विज्ञान नियतकालिकांनी व उपरोक्त संपादक समितीने २०२३ मध्ये अशा प्रणालींना लेखक मानण्यास नकार दिला. मजकुराच्या अचूकतेबद्दल त्यांना जाब विचारता येत नाही, हे त्याचे कारण होय. अशा मजकुराने शैलीमापनापुढेही नवी अडचण उभी केली आहे. कारण लकब ही व्यक्तीच्या नकळत घडणारी खूण आहे, हे गृहीतकच तेथे लागू पडत नाही. शब्दांची वारंवारता, निबंधांची संख्या किंवा नावांचा क्रम यांवरून कर्तृत्वाच्या एकेका घटकाचा अंदाज बांधता येतो. चूक आढळल्यास उत्तर कोणी द्यावयाचे, हे मात्र कोणत्याही मापाने ठरत नाही. ते संबंधित व्यक्तींनी स्वीकारावे लागते व संस्थांनी नोंदवून ठेवावे लागते.